उजवा कौल मिळाल्यावर

आमच्या घरात सगळे मला फार चांगला माणूस समजत होते, त्या आठ महिन्यांबद्दल मला लिहायचं आहे. लिहिताना आजही हात अडखळतो. देवाची कृपा कशी झाली हे सांगायला लोक आनंदाने बसतात. माझ्या बाबतीत ती कृपा माझ्या लबाडीला धरूनच आली, त्यामुळे एक सांगायचं तर दुसरं झाकता येत नाही.

मी घाटकोपरच्या एका ज्युनियर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. मुलांना परीक्षानळ्या काढून द्यायच्या, ॲसिडच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, असं काम. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी दहिसरला वॉचमनची नोकरी धरली आणि तिथल्याच चाळीत आम्ही दोघे भाऊ वाढलो. प्रमोद माझ्याहून सहा वर्षांनी लहान. वडील गेल्यावर मी घाटकोपरला आलो, आई मात्र दहिसरला त्याच्याकडेच राहिली. तो इलेक्ट्रिशियन होता. बोरिवलीतल्या पाच-सहा सोसायट्यांमध्ये कुठेही दिवा गेला की त्यालाच फोन जायचा. चाळिशीही झाली नव्हती तेव्हा त्याच्या पायांवर सूज यायला लागली. त्याने ती अंगावर काढली, आणि तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही किडन्या जवळपास निकामी झालेल्या होत्या. मग बोरिवलीच्या एका सेंटरवर आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. शिडीवर चढून पंखे बसवणारा माझा भाऊ दोन जिने चढला की कठड्याला धरून उभा राहू लागला.

डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणाची किडनी मिळाली तर बरं. आईचं वय झालेलं, त्यात तिला मधुमेह. प्रमोदची बायको सुजाता पहिल्या दिवशीच तयार झाली, पण तिचा रक्तगट जुळेना. राहिलो मी. माझं सगळं जुळलं. रिपोर्ट आले त्या दिवशी सुजाता माझ्या पायाच पडली. मी म्हटलं, "अगं, हे काय करतेस? माझा भाऊ आहे तो." मी ते मनापासून म्हटलं होतं. त्या वेळी ते खरंही होतं.

ऑपरेशनआधी गावी जाऊन देवाला विचारून यायचं, असा आईने हट्ट धरला. आमचं गाव सिंधुदुर्गात. आमच्याकडे मोठ्या कामाआधी ग्रामदेवतेचा कौल घेतात. गुरव देवाच्या अंगावर उजव्या आणि डाव्या बाजूला ओल्या फुलांच्या कळ्या चिकटवतो आणि देवाला गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. प्रमोदला प्रवास झेपणार नव्हता, म्हणून मी आणि आई गेलो.

सकाळची वेळ होती. रवळनाथाच्या गाभाऱ्यात तेलाचा आणि ओल्या दगडाचा वास होता. म्हाताऱ्या गुरवाने हात जोडले आणि मोठ्याने गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा रवळनाथा, ह्या तुझा लेकरू मुंबयसून तुझ्या पायाकडे इला हा. भावाक आपल्या आंगातलो भाग देतला म्हणता. दोघांकय सुखरूप ठेवतलंस काय? ठेवतलंस तर उजवो दी, म्हाराजा." मागे उभे असलेले चार-पाच गावकरी एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा."

कधी कधी कळी पडायला अर्धा-अर्धा तास लागतो, लोक ताटकळत बसतात. त्या दिवशी गुरवाचे जोडलेले हात खाली यायच्या आत उजवी कळी पडली. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. माझ्या दंडाला घट्ट धरून ती म्हणाली, "देवान शब्द दिल्यान हा. आता भिऊक नको, झिला."

मी मान हलवली. आणि मुंबईला परतताना बसमध्येच भ्यायला सुरुवात केली.

भीतीचं काय सांगू? मला लहानपणापासून सुईची भीती. शाळेत लस टोचायला लोक आले की मी मागच्या दाराने पळायचो. पण ही भीती तेवढीच नव्हती. झोपलेलो असताना माझं पोट कापतील, आतला एक भाग काढून घेतील, आणि मी उठलोच नाही तर? बारावीतल्या माझ्या मुलीचं काय होईल? उरलेली एक किडनी पुढे बिघडली तर? डॉक्टरांनी या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली होती. ती ऐकताना पटायची, आणि हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरलो की विरून जायची. रोज आंघोळ झाली की मी देव्हाऱ्यापुढे उभा राहायचो आणि म्हणायचो, देवा, तू शब्द दिलास ना, मग ही भीती काढून घे. भीती जायची नाही. ती गेली नाही की मला वाटायचं, ज्याला एवढंसं जमत नाही त्याच्या हातून पुढचं काय होणार? म्हातारा गुरव, ओली कळी, वाऱ्याची झुळूक. असले विचार मी प्रयोगशाळेत काचेची भांडी पुसताना करायचो.

सगळे कागद झाले. ऑपरेशनला दहा दिवस उरले तेव्हा ते जिथे व्हायचं होतं त्या अंधेरीच्या हॉस्पिटलात किडनीच्या डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. शांत आवाजाच्या, पन्नाशीच्या बाई होत्या. म्हणाल्या, "हे आम्ही प्रत्येक दात्याला विचारतो. तुमच्यावर कुणाचा दबाव नाही ना? तुम्ही आता नाही म्हणालात तरी चालेल. बाहेर कुणाला खरं कारण कळणार नाही. काहीतरी वैद्यकीय अडचण आहे एवढंच आम्ही सांगू."

हे वाक्य कानावर पडेपर्यंत नाही म्हणायचं माझ्या डोक्यात नव्हतं, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत राहिलो. तेही खोटंच. मी त्या वाक्याची वाटच बघत होतो. मी म्हटलं, "मॅडम, मला नाही जमणार." त्यांनी फक्त मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. त्यांचं काही चुकलं नाही. एखाद्या घाबरलेल्या माणसाला लाज वाटू नये म्हणून केलेली ती सोय होती.

बाहेर बाकावर प्रमोद आणि सुजाता बसले होते. माझं ब्लड प्रेशर वर-खाली होतंय, अशा स्थितीत धोका घेता येणार नाही, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं. सुजाताने पदर तोंडावर धरला. प्रमोद उठला आणि माझ्याजवळ आला. मला वाटलं आता हा कोसळणार. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "दादा, तू मनाला लावून घेऊ नकोस हं. तू तयार झालास यातच सगळं आलं. आता स्वतःच्या तब्येतीला जप."

घरी आल्यावर बायकोने, नीलमने, मला एकदाच विचारलं, "तूच सांगितलंस ना डॉक्टरांना, नाही म्हणून?" मी हो म्हटलं. तिलाही सुटल्यासारखं वाटलं असणार आणि त्याची तिलाही लाज वाटली असणार, कारण त्या दिवशी जेवताना आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

त्यानंतरच्या आठ महिन्यांत मला शिक्षा झाली ती प्रेमाची. माझं ब्लड प्रेशर उतरावं म्हणून आईने सोमवार धरले. दर दोन दिवसांनी प्रमोदचा फोन यायचा, गोळ्या वेळेवर घेतोस ना म्हणून. मी घेतो म्हणायचो. घरात गोळ्या नव्हत्याच. गणपतीत आम्ही सगळे दहिसरला जमलो. सुजाताने पंगत वाढली. प्रमोदचं जेवण बिनमिठाचं असे, त्याच्या भाज्या ती वेगळ्या काढायची. त्या दिवशी माझ्या ताटातही तिने त्याच वाट्या ठेवल्या. "भाऊजी, तुमच्यासाठी पण मीठ न घालता केलंय. तुम्हाला बरं पडेल." आम्हा दोघा भावांची ताटं अगदी एकसारखी दिसत होती. त्याचं आजाराने आलेलं, माझं खोटं बोलून मिळवलेलं. प्रमोद हसून म्हणाला, "चला, आता मला कंपनी मिळाली." त्या अळणी उसळीचा प्रत्येक घास मी गिळला. समोर मखरात गणपती होता. मी मान वर केली नाही.

त्या दिवसापासून मी देवापुढे उभं राहणं सोडलं. घरच्या देवाला नीलम दिवा लावायची, मी त्या खोलीतून वळून जायचो. मला देवाचा राग नव्हता. ज्याने विचारायच्या आत उत्तर दिलं, त्याच्यासमोर कुठलं तोंड घेऊन जायचं?

दिवाळीनंतर प्रमोदची तब्येत उतरू लागली. डायलिसिससाठी हातावर ऑपरेशन करून जोडलेली शीर बंद पडली, मग मानेत नळी घातली, त्या नळीतून दोनदा ताप भरला. अंग हुडहुडायला लागलं की त्याच्यावर तीन चादरी टाकून सुजाता वरून स्वतः आडवी पडायची. असं फार दिवस चालणार नाही, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. हे मला कळलं ते आईकडून. सुजाताने मला सांगितलं नाही. भाऊजींना उगाच टेन्शन नको, त्यांचं बीपी वाढेल, असं ती म्हणाली होती म्हणे.

एका शनिवारी सुजातालाच ताप आला आणि प्रमोदला डायलिसिसला न्यायला मी गेलो. त्याला आत मशीनवर घेतल्यावर मी बाहेरच्या खुर्चीवर बसलो. थोड्या वेळाने एक सत्तरीच्या बाई येऊन माझ्या शेजारी बसल्या. अंगात स्वेटर, मांडीवर स्टीलचा डबा. त्यांचं मशीन त्या दिवशी अचानक बंद पडलं होतं, दुरुस्त होईपर्यंत थांबा म्हणून सांगितलं होतं. नाहीतर त्या वेळी त्या आत असायच्या आणि आमची गाठ पडली नसती. पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या, दहिसर चेक नाक्याजवळ राहायच्या, रिक्षाने एकट्या यायच्या आणि एकट्या जायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणत.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही प्रमोदचे भाऊ ना? घाटकोपरचे?"

"हो."

"तो सांगतो ना तुमच्याबद्दल. बीपीमुळे राहिलं म्हणाला. फार जीव आहे हो त्याचा तुमच्यावर. इथे एकेकाचे भाऊ फोन पण उचलत नाहीत."

मी काय उत्तर देणार होतो ते मला माहीत नाही. तोंडून निघालं ते असं, "मला बीपी नाहीये, मावशी."

आठ महिन्यांत हे मी नीलमशिवाय कुणापाशी बोललो नव्हतो. आणि जिचं नावही मला माहीत नव्हतं अशा बाईला सांगून बसलो. त्या दचकल्या नाहीत. चष्मा काढून स्वेटरच्या बाहीला पुसत म्हणाल्या, "मग?"

"घाबरलो मी."

"हं."

मग मी सगळंच सांगितलं. गाव, कळी, आईचे शब्द, डॉक्टरांची खोली, बिनमिठाची उसळ. समोरून नर्स ये-जा करत होत्या, मी खाली फरशीकडे बघत बोलत होतो. शेवटी म्हटलं, "देवाने हो म्हटलं होतं, मावशी. तरी मी घाबरलो. माझा विश्वासच खोटा."

त्यांनी चष्मा परत घातला. "देवाने काय सांगितलं होतं नक्की? तू घाबरणार नाहीस असं सांगितलं होतं?"

"नाही. दोघं सुखरूप राहाल, असं."

"मग त्याचं त्याने सांगितलं. घाबरणं तुमचं तुमच्याकडे. त्याला कशाला मध्ये आणता?" त्यांच्या आवाजात उपदेश नव्हता, जरा वैतागच होता. "चार वर्षं झाली मला. आठवड्यातून तीनदा. अजून सुई दिसली की मी डोळे गच्च मिटते. सिस्टर हसतात मला. हसू देत ना. हात तर पुढे करते."

तेवढ्यात आतून हाक आली, मशीन सुरू झालंय म्हणून. त्या डबा घेऊन उठल्या आणि गेल्या. माझा निरोपही घेतला नाही.

मी बसून राहिलो. काही चमत्कार झाला नाही, अंगावर काटा आला नाही, कुठे घंटा वाजली नाही. एवढंच लक्षात आलं की देवाने एक शब्द दिला होता आणि मी आठ महिने त्याच्याकडे दुसराच शब्द मागत बसलो होतो. त्याने सुखरूप ठेवीन म्हटलं होतं. तुला भीती वाटू देणार नाही, असं तो कुठे म्हणाला होता? भीती गेली की मग विश्वास ठेवीन, हा हिशेब माझा होता. आणि तो जमला नाही म्हणून मी देवाला सोडून आलो होतो.

सोमवारी अर्धी रजा टाकून मी अंधेरीला त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांना मी आठवत होतो. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कुणी काही बोललं का घरी?"

"बायको सोडली तर घरी कुणाला माहीतच नाही, मॅडम."

"मग आता काय बदललं?"

"काही नाही. भीती तेवढीच आहे."

त्यांनी माझी जुनी फाइल काढली. मग म्हणाल्या, एक आठवडा विचार करा, तरी हेच वाटलं तर परत या, सगळ्या तपासण्या पुन्हा होतील. निघताना त्यांनी सहज विचारलं, "घरी काय सांगायचं? ब्लड प्रेशर आता आटोक्यात आलंय असं म्हणूया?"

आणि मी पटकन हो म्हटलं. तेही इथे लिहायला हवं. मी हलका होऊन बाहेर पडलो. घाटकोपरच्या बसमध्ये, पवईच्या तलावाशी सिग्नल लागला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आता सुजाता पुन्हा माझ्या पाया पडणार. आई देवाला पेढे ठेवणार. आठ महिने ज्याला माझ्यामुळे सुया खाव्या लागल्या तो भाऊ माझे आभार मानणार. आणि मी ते घेणार. एका खोट्यावर दुसरं खोटं चढवून मी देवमाणूस होणार होतो.

नीलमला म्हटलं, मी खरं सांगणार आहे. ती म्हणाली, "कशाला? होतंय ना आता चांगलं? उगाच मनं मोडतील रे." तिचं चुकत नव्हतं. तरी रविवारी मी दहिसरला गेलो. दुपारची वेळ, सुजाता ताटं घेत होती. आई खाटेवर, प्रमोद खिडकीशी. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, आता किडनी द्यायला तयार आहे हेही. बसलो असतो तर बोललो नसतो.

कुणी ओरडलं नाही. सुजाताच्या हातात माझी वेगळी काढलेली, बिनमिठाच्या भाजीची वाटी होती. ती मोरीपाशी गेली, वाटी पालथी केली, नळ सोडला आणि पाठमोरी उभी राहिली. आई खाटेवरून माझ्याकडे बघत होती. ती हळू म्हणाली, "झिला, तू देवाक खोटो पाडलंस." आयुष्यात तिने मला पुष्कळ मारलंय, पण एवढं कधी लागलं नव्हतं.

प्रमोद सगळ्यात शेवटी बोलला. "मी तुला सारखा फोन करून गोळ्यांचं विचारत होतो, दादा."

"हो."

"नको मला तुझी किडनी. जा तू."

मी गेलो. देवाला म्हटलं, आता मी भ्यालेला तर आहेच, पण देणारा तयार असून घेणारा तयार नाही. पुढचं मला दिसत नाही, तुझं तू बघ. कित्येक महिन्यांनी मी त्याच्याशी बोललो होतो. तीही काही प्रार्थना म्हणावी अशी नव्हती.

चार दिवसांनी कॉलेजच्या शिपायाने येऊन सांगितलं, गेटवर कुणी बाई आल्यात. सुजाता होती. दहिसरहून तीन बस बदलून आलेली, चेहरा उन्हाने लाल झालेला. मी "आत ये, पाणी घे" म्हटलं. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"भाऊजी, मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करीन की नाही ते पण माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला त्यांचा ताप बघावा लागला नाही, मी बघितलाय. पण मला माझा नवरा पाहिजे. त्यांचा राग मी बघते. तुम्ही उद्या सकाळी नऊला हॉस्पिटलात या. आणि या हां. या वेळी या."

ती वळली आणि गेली. गेटपाशी मुलांची गर्दी होती, त्या गर्दीत मी उभा होतो, आणि मला वाटलं की कौल म्हणतात तो हाच. गावात कळी पडली तेव्हा मला एवढं स्वच्छ ऐकू आलं नव्हतं. मी मागितलं असतं तर सोपी, गोड माफी मागितली असती. मला माफी न मिळता बोलावणं मिळालं. मला त्याचीच गरज होती.

तपासण्या, कागद, अवयवदानाच्या समितीपुढे मुलाखत, सगळं नव्याने झालं. प्रमोद सह्या करायला यायचा, माझ्याकडे न बघता जायचा. सुजाताने त्याला काय सांगून तयार केलं ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही, मीही विचारलं नाही. ऑपरेशनच्या सकाळी आमचे स्ट्रेचर थोडा वेळ एकाच पॅसेजमध्ये शेजारी-शेजारी होते. मी थरथरत होतो, चादर हलत होती इतका. प्रमोद छताकडे बघत पडला होता. तसंच वर बघत म्हणाला, "दादा."

"काय रे?"

"आता पळालास तर तंगडी तोडीन तुझी."

मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. सिस्टर म्हणाली, "काका, रडू नका, बीपी वाढेल." ते ऐकून प्रमोद असा काही हसला की त्याला ठसका लागला. मला आत नेलं तेव्हा मी डोळे गच्च मिटले होते आणि हात पुढे केला होता. देवाला मी भीती काढून घे म्हटलं नाही. फक्त रवळनाथाचं नाव घेतलं, तेही अर्धंच झालं असेल, कारण पुढचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा कुशीत दुखत होतं आणि तोंडाला कोरड पडली होती. नीलम पायाशी बसली होती. म्हणाली, "त्याची किडनी टेबलावरच काम करायला लागली म्हणे. डॉक्टर खूश आहेत." मी भिंतीकडे तोंड फिरवलं. आनंद होता, पण त्याच्या आधी लाज आली. हे कितीतरी महिन्यांपूर्वी होणार होतं. देवाने तेव्हाच कबूल केलेलं होतं.

मला हिंडायला परवानगी मिळाल्यावर मी पेढे घेऊन बोरिवलीच्या सेंटरवर मावशींना भेटायला गेलो. त्या म्हणाल्या, "मला चालतात का पेढे? एवढे दिवस इथे बसलात, तेवढं पण कळलं नाही?" मग हसल्या आणि सगळे पेढे सिस्टरांना वाटले. त्या दिवशी त्या काय बोलल्या होत्या ते मी त्यांना सांगितलं. त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं.

ही गोष्ट इथे संपली असती तर मला कदाचित वाटलं असतं की मी आता सुधारलो. पण चार महिन्यांनी एका दुपारी सुजाताचा फोन आला. प्रमोदला ताप होता, रक्ताच्या तपासणीत किडनीचा आकडा वाढलेला होता, शरीर नवी किडनी नाकारतंय की काय म्हणून डॉक्टरांनी भरती केलं होतं. ती एवढंच म्हणाली, "भाऊजी, या." रिक्षात बसलो आणि हॉस्पिटलचं नावच चुकीचं सांगितलं. सगळी जुनी भीती जशीच्या तशी परत आली, जणू कधी गेलीच नव्हती. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा मागे बघितलं.

हॉस्पिटलात सुजाता बाकावर एकटी बसली होती. मी थोडं अंतर ठेवून उभा राहिलो, कारण आमच्यात अजून तेवढं अंतर होतं. तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा केली. मी बसलो. पक्का रिपोर्ट यायला दोन तास होते. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "मला खूप भीती वाटतेय."

"मलाही," मी म्हटलं.

मी उठून कुठे गेलो नाही. मनात देवाला कुठला प्रश्न विचारला नाही, कुठली खूण मागितली नाही. एवढंच म्हटलं, तुझा शब्द आहे आणि आम्ही भ्यालेले आहोत, दोन्ही तुझ्यापाशी ठेवतो.

रिपोर्ट आला. साधा लघवीचा संसर्ग होता, आठवडाभराच्या औषधाने उतरला. त्या बातमीसाठी मी देवाचा ऋणी आहेच. पण त्याहून जास्त ऋणी आहे त्या दोन तासांसाठी. मी भित्रा होतो, खोटा होतो, हे पूर्णपणे माहीत असलेल्या माणसाने शेजारी जागा केली आणि मला तिथे बसवून घेतलं.